ओपन सोर्स प्रकल्पाची वेबसाइट कोणासाठी बांधायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारख्या वाचल्या जाणाऱ्या सांकेतिक पद्धतीत, आणणारं सॉफ्टवेअर तुम्ही लिहिलं, कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर खुला केला, दोन वर्षं संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर राबलात. प्रकाशकांना, छापखान्यांना, दिवाळी अंक काढणाऱ्यांना त्याची गरज आहे हे तुम्हाला दिसतंय, पण वापरणारं कोणी येत नाही. म्हणून आता वेबसाइट करायची आहे. थीम कोणती घ्यावी, पानं किती असावीत, मराठीत करावी की इंग्रजीत, असं तुम्ही विचारलंय.

मी पंधराएक वर्षं ओपन सोर्स प्रकल्पांच्या वेबसाइट्स आणि मार्गदर्शिका याच कामात आहे. थीमकडे शेवटी येतो. आधी एक प्रसंग सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातूनच निघतं.

अप्पा बळवंत चौकाजवळ एक डीटीपी केंद्र आहे. तिथल्या ऑपरेटर बाई वीस वर्षं पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरवर काम करताहेत. एका जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती आणि मजकूर जुन्या फॉन्टात अडकलेला होता. तुमच्यासारख्याच एका प्रकल्पाचा दुवा मी त्यांना दिला आणि काही न बोलता मागे खुर्ची टाकून बसलो. गिटहबचं पान उघडलं. समोर फायलींची यादी. त्यांनी 'डाउनलोड' हा शब्द शोधला, सापडला नाही. एक हिरवं बटण दिसलं, ते दाबल्यावर आलेल्या यादीतून झिप उतरली. उघडली तर फोल्डरात फोल्डर. एका फायलीवर डबल क्लिक केलं तर नोटपॅडमध्ये कोड उघडला. "सर, यात सेटअप कुठंय?" सहा मिनिटं झाली होती. सेटअप तयार होता, पण पानाच्या उजव्या कडेला 'रिलीजेस' या बारीक शब्दामागे. बाईंनी खिडकी बंद केली आणि मजकूर पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करायला घेतला.

त्यांची यात काही चूक नव्हती. सॉफ्टवेअरही उत्तम होतं. मधल्या सहा मिनिटांचं काम कोणी केलेलं नव्हतं, आणि वेबसाइट असते ती त्या कामासाठी. आलेल्या अनोळखी माणसाचा पहिला परिच्छेद नीट बदलून त्याच्या हातात पडेपर्यंतची वाट तुम्ही बांधायची आहे. खाली जे काही सांगतोय ते मी याच मापाने मोजलंय.

पहिलं वाक्य घ्या. तुमच्या रीडमीत, म्हणजे कोडसोबतच्या ओळखपत्रकात, पहिली ओळ 'पायथनमध्ये लिहिलेलं मॉड्युलर, विस्तारक्षम रूपांतर इंजिन' अशी आहे. हे वाक्य तुमच्यासारख्या प्रोग्रामरला कळतं, बाईंना नाही. त्याऐवजी मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत एवढंच असू द्या: 'जुन्या फॉन्टांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदला. विंडोज आणि लिनक्सवर चालतं. मोफत आहे. इंटरनेट लागत नाही.' काय करतं, कशावर चालतं, किती पैसे पडतात, कशाची गरज नाही, या चार गोष्टी पान न सरकवता दिसल्या पाहिजेत. पायथन, मॉड्यूल, आर्किटेक्चर हे सगळं योगदान देणाऱ्यांच्या पानावर जाऊ द्या. तिथे त्याची खरी किंमत आहे.

त्या वाक्याच्या लगेच खाली सॉफ्टवेअर काम करताना दिसू द्या. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रं घडवायच्या सॉफ्टवेअरच्या साइटवर गेलात तर त्यात घडवलेली चित्रं तुमच्याशी आधी बोलतात, रेंडर इंजिनाची वर्णनं नंतर येतात. तुमच्याकडे दाखवायला चित्रं नसली तरी अक्षरं आहेत, आणि मराठी माणसाला ती पुरतात. डावीकडे एक रिकामा चौकोन ठेवा, उजवीकडे निकाल. डाव्या चौकोनात जुन्या फॉन्टातला मजकूर चिकटवला की रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. तो गोंधळ या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो आणि बघताक्षणी ओळखीचा वाटतो. उजवीकडे स्वच्छ मराठी उमटलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

नमुना म्हणून कोणता मजकूर ठेवायचा हेही नीट ठरवा. 'नमस्कार, स्वागत आहे' ठेवू नका, त्यात काहीच अवघड नाही. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं नेमकं उलट: जुन्या फॉन्टात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. साधी रूपांतरं इथेच फसतात, आणि त्याहून जास्त फसतात अर्ध्या ऱ्यावर. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या जोड्या तुमचं सॉफ्टवेअर बरोबर वेगळ्या ठेवत असेल, तर नमुन्यात त्याच घाला. मुद्रितशोधक पहिली नजर तिथेच टाकतो. या चार शब्दांनी जो विश्वास बसेल तो तुमच्या वैशिष्ट्यांच्या यादीने बसणार नाही.

हा चौकोन शक्यतो ब्राउझरच्या आतच चालवा, मजकूर सर्व्हरवर जाऊ देऊ नका, आणि तसं तिथेच लिहा: 'तुमचा मजकूर या संगणकाबाहेर जात नाही.' प्रकाशकाच्या हातात लेखकाचं अप्रकाशित हस्तलिखित असतं. ते कुठल्या अनोळखी ठिकाणी पाठवायला तो कचरतो, आणि कचरावंच. काही कारणाने मजकूर सर्व्हरवर जाणार असेल तर तेही तितक्याच ठळकपणे सांगा.

आता डाउनलोडचं पान. या पानावर मी तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण माणसं इथेच गळतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या साइटवर एकच मोठं बटण असतं आणि तुमचा संगणक कोणता आहे हे ओळखून ते योग्य फाइल पुढे करतं. तसं करा. बटणाखाली आवृत्तीचा क्रमांक, ती कधी निघाली ती तारीख, फाइल किती एमबीची, विंडोजच्या कोणत्या आवृत्तीपासून चालते, हे एका ओळीत द्या. छापखान्यांत जुनी यंत्रं अजून जिवंत आहेत, म्हणून ही शेवटची गोष्ट विसरू नका.

यानंतर येतो तो निळा पडदा. तुमच्या सेटअपवर डिजिटल सही नसेल तर विंडोज तो चालवायच्या आधी अडवतं आणि हा प्रोग्राम ओळखीचा नाही असं बजावतं. पुढे जायचं बटण 'मोअर इन्फो' दाबल्याशिवाय दिसतच नाही. नवखा माणूस इथे व्हायरस समजून फाइल पुसून टाकतो. त्या पडद्याचं चित्र डाउनलोडच्या पानावर आधीच ठेवा, तो का येतो हे दोन वाक्यांत सांगा आणि कुठे क्लिक करायचं ते बाणाने दाखवा. ही झाली तात्पुरती सोय. खरी दिशा म्हणजे सही घेणं. सही असली तरी फाइल ओळखीची होईपर्यंत पडदा काही काळ येऊ शकतो. साइनपाथ फाउंडेशन ओपन सोर्स प्रकल्पांना ही सही विनामूल्य मिळवून देतं. त्यांच्याकडे अर्ज करा.

खात्रीचा मुद्दा हलका समजू नका. 20 फेब्रुवारी 2016 रोजी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टमच्या साइटमध्ये वर्डप्रेसमधून घुसखोरी झाली आणि 17.3 सिनॅमन आवृत्तीचा डाउनलोड दुवा हल्लेखोराला आत शिरता येईल असं मागचं दार ठेवलेल्या बनावट आयएसओकडे, म्हणजे सिस्टम बसवायच्या फायलीकडे, वळवला गेला. लोक खऱ्या साइटवरून खोटी फाइल उतरवत होते. म्हणून फाइलचा एसएचए-256 ठसा, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा, द्याच, पण साइट ताब्यात घेणारा शेजारचा ठसाही बदलू शकतो हे लक्षात ठेवून फायलीवर जीपीजीने डिजिटल सहीसुद्धा करा, आणि ती पडताळायची सार्वजनिक किल्ली साइटखेरीज आणखी एका ठिकाणी ठेवा. बाई हे तपासणार नाहीत. मोठ्या प्रकाशनसंस्थेचा संगणक विभाग मात्र तपासेल.

स्वतःचं डोमेन आजच घ्या, साइट बांधायच्या आधी. पुट्टीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. जगभरचे सर्व्हर सांभाळणारे लोक दुरून सर्व्हरशी जोडून घ्यायला जे वापरतात त्या पुट्टीच्या नावाचं डॉट ऑर्ग डोमेन पुट्टी लिहिणाऱ्यांच्या मालकीचं नाही. शोधणारा तिथे पोचतो आणि आपण मूळ ठिकाणी आलो असं समजतो. गिंप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरची गोष्ट आणखी बोलकी आहे. विंडोजच्या डाउनलोडसाठी सोर्सफोर्ज या फायली ठेवायच्या साइटवर विसंबणं त्यांनी 2013 मध्ये थांबवलं. 2015 मध्ये सोर्सफोर्जने ते सोडून दिलेलं पान स्वतःकडे घेतलं आणि इन्स्टॉलरला जाहिरातींच्या जोडण्या चिकटवल्या. फाइल कुठेही ठेवा, पण लोकांच्या लक्षात राहणारा पत्ता तुमच्या ताब्यातला असू द्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. ज्याला तुमची गरज आहे त्याला तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव माहीत नाही. त्याला त्याच्या फॉन्टचं नाव माहीत आहे. तो 'श्री-देव 0714 ते युनिकोड' असं शोधतो, किंवा 'कृतिदेव 010', आणि बहुतेक वेळा रोमन लिपीत टाइप करून. म्हणून प्रत्येक फॉन्टसाठी स्वतंत्र पान करा. पानाच्या शीर्षकात फॉन्टचं नाव क्रमांकासकट लिहा आणि मजकुरात एकदा ते रोमन स्पेलिंगनेही येऊ द्या. पानावर त्या फॉन्टातला खरा नमुना, त्याचं रूपांतर, आणि काय अजून बिघडतं ते ठेवा. एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांची मांडणी वेगळी असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तीच माहिती आज तुमच्या कोडमधल्या तक्त्यांत दडून बसली आहे. ती वर काढून पानांवर मांडली की शोधणारे आपोआप येतील. एक सांभाळा: श्रीलिपी हे मॉड्युलर इन्फोटेकचं, आयएसएम सीडॅकचं उत्पादन आहे. नाव ओळख पटवण्यापुरतं घ्या, त्यांचा लोगो लावू नका आणि त्यांच्या फॉन्ट फायली साइटवर ठेवू नका.

जे जमत नाही तेही लिहा. एसक्यूलाइटच्या साइटवर हा डेटाबेस कुठे वापरावा याचं एक पान आहे, आणि त्याच पानावर कोणत्या परिस्थितीत दुसरा, सर्व्हरवर चालणारा डेटाबेस बरा पडेल हेही मोकळेपणाने सांगितलंय. ते पान वाचून माझा त्या प्रकल्पावरचा विश्वास वाढला होता. तुमच्याकडे तक्ते आणि तळटीपा अजून नीट येत नसतील तर तसं लिहा. तीनशे पानांचं पुस्तक बदलल्यावर तळटीपा हरवलेल्या सापडल्या, तर तो प्रकाशक पुन्हा येणार नाही. आधीच कळलं असतं, तर तेवढ्या तळटीपा त्याने हाताने केल्या असत्या आणि तरीही तुमचे आभार मानले असते.

मार्गदर्शिकेबद्दल जँगो या वेबसाइट बांधायच्या साधनाच्या मांडणीचा आदर्श ठेवा: शिकवणी, विषयवार विवेचन, संदर्भ आणि एकेका कामाची कृती, असे चार वेगळे कप्पे. तुम्हाला सुरुवातीला चारही लागणार नाहीत. एक शिकवणी पुरे: 'पेजमेकरमधलं एक प्रकरण बदलून लिबरऑफिस रायटरमध्ये उघडूया', प्रत्येक पायरीला एक चित्र. पानांचे पत्ते मात्र विचार करून ठरवा आणि नंतर बदलू नका. आज कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेला दुवा चार वर्षांनीही उघडला पाहिजे. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारी सोय ठेवा.

प्रकल्प जिवंत आहे हे दिसणंही गरजेचं आहे. कर्ल या इंटरनेटवरून फायली आणणाऱ्या साधनाच्या साइटवर प्रत्येक आवृत्तीत काय बदललं याची नोंद असते आणि आजवर सापडलेल्या प्रत्येक सुरक्षादोषाचं वेगळं पान असतं. दोष लपवलेले नाहीत म्हणून लोक ते निर्धास्त वापरतात. तुम्ही निदान बदलांची यादी तारखेसह ठेवा, आणि ती साध्या मराठीत लिहा: 'रफार आणि अनुस्वार एकत्र आले की गोंधळ व्हायचा, तो सुधारला.' गिटहबवरच्या कमिटांच्या, म्हणजे कोडबदलांच्या, ओळी जशाच्या तशा उतरवू नका. 'ताज्या घडामोडी' असा विभाग करायचा मोह मात्र टाळा. शेवटची घडामोड दोन वर्षांपूर्वीची दिसली की चालू असलेला प्रकल्पही बंद पडल्यासारखा वाटतो.

आता भाषा आणि दिसणं. मुखपृष्ठ मराठीतच करा. तुमचे वापरणारे मराठीत काम करतात. योगदान देणाऱ्यांसाठीचं पान इंग्रजीतही ठेवा, कारण गुजराती किंवा बंगालीसाठी हेच काम करणारा कोणी तुमचा कोड उचलू शकेल. एचटीएमएलमध्ये पानाची भाषा मराठी आहे हे नोंदवा. ज्या फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणं आहेत तिथे ब्राउझर ती नोंद बघून योग्य वळण निवडतो, नाहीतर हिंदी वळण येतं. फॉन्ट म्हणून मुंबईच्या एक टाइपचा मुक्त परवान्याचा 'मुक्ता' घ्या. साधी आणि ठळक अशी दोनच वजनं पुरतात. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड होते, म्हणून वॉफ-2 हा आटोपशीर फाइलप्रकार वापरा, पण वजन कमी करायला अक्षरं छाटताना जोडाक्षरांचे नियम छाटले जाणार नाहीत हे 'क्ष', 'द्ध', 'ऱ्ह' लिहून तपासा. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, वर मात्रा आणि खाली उकार असतात. अक्षरांमध्ये कृत्रिम अंतर घालू नका, शिरोरेघ तुटते.

मजकूर चित्रात घालून लावायची आपल्याकडे फार सवय आहे. तसं करू नका. दृष्टिहीन माणूस एनव्हीडीएसारखं, पडद्यावरचं वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर वापरतो, त्याला चित्रातली अक्षरं वाचता येत नाहीत. युनिकोडमध्ये आलेलं पुस्तक त्याला ऐकता येतं, जुन्या फॉन्टातलं येत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरचा त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कोणाला नसेल. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत किमान 4.5 ला 1 इतका फरक ठेवा. करडं अक्षर पांढऱ्यावर, ही फॅशन सोडून द्या.

थीम कोणतीही चालेल. साइट तयार करून देणाऱ्या ह्यूगो, जेकिल, एमकेडॉक्स या साधनांपैकी जे हाताला बसेल ते घ्या, साइट स्थिर फायलींची ठेवा आणि गिटहब पेजेस या गिटहबच्याच सोयीवर चढवा. लॉगिन आणि डेटाबेस नसला की सांभाळायला फारसं काही उरत नाही. तिथे साइटला 1 जीबीची मर्यादा आहे, म्हणून सेटअपच्या फायली रिलीजेसमध्येच ठेवा आणि साइटवरून फक्त बटण द्या.

संपर्कासाठी ईमेलचा पत्ता द्या. बाई गिटहबवर खातं काढून तक्रार नोंदवणार नाहीत, आणि खरी दुखणी त्यांनाच माहीत आहेत. बिघडलेल्या ओळीचा मूळ मजकूर, फॉन्टचं नाव आणि अपेक्षित शब्द, एवढं पाठवा, असं तिथे लिहा. हेच तुम्हाला मिळणारं सगळ्यात मोलाचं योगदान ठरेल, आणि त्यासाठी कोड येण्याची गरज नाही. अशा माणसांची नावं, त्यांना विचारून, आभाराच्या पानावर घाला.

परवाना फक्त 'जीपीएल' असा लिहून थांबू नका. त्याचा अर्थ एका ओळीत द्या: 'व्यावसायिक कामालाही मोफत वापरा.' हे विचारायला प्रकाशक लाजतो आणि मग वापरतच नाही. पैशाची मदत हवी असेल तर ती कशासाठी, हे सांगा: डोमेन, चाचणीसाठी जुना संगणक. झिरोधा या शेअर दलाल कंपनीने 2024 मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांना पैसे देणारा फ्लॉस फंड सुरू केलाय. त्यासाठी प्रकल्पाची माहिती एका ठरावीक जेसन फायलीत मांडून साइटवर किंवा कोडसोबत ठेवावी लागते. आज ना उद्या अर्ज कराल म्हणून तीही करून ठेवा. आणि डोमेनचं नूतनीकरण, साइटचा पासवर्ड या गोष्टी तुमच्याखेरीज आणखी एका माणसाकडे असू द्या. माझ्या ओळखीच्या एका प्रकल्पाचं डोमेन, सांभाळणारा आजारी असताना संपलं आणि दुसऱ्याच कोणीतरी उचललं. ते परत मिळालं नाही.

हे सगळं एका दमात करू नका. आधी मुखपृष्ठ, डाउनलोडचं पान आणि दोन फॉन्टांची पानं, एवढी चार उभी करा आणि मला दुवा पाठवा. त्या बाई शनिवारी दुपारी जरा मोकळ्या असतात. मी पुन्हा मागे खुर्ची टाकून बसतो आणि त्या कुठे थांबल्या, काय दाबलं, काय विचारलं, हे मिनिटांसकट लिहून तुम्हाला कळवतो.